लिंबाजीमामांचे नऊ सेकंद

सकाळी पावणेदहाला लिंबाजी सोनकांबळे प्रयोगशाळेचं कुलूप काढतात, पंखा लावतात आणि खुर्चीवर बसून आधी दोन मिनिटं नुसते गुडघे दाबतात. मग म्हणतात, "चला." कुणाला म्हणतात, ठाऊक नाही. खोलीत दुसरं कुणी नसतं.

पूर्वी इथं तिघं होते. एक निवृत्त झाला, एक लातूरला दुसरी नोकरी धरून गेली. जागा भरायच्या आहेत, भरणार आहेत, असं चार वर्षं चाललंय. मोठ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून तीन दिवस येतात. बाकीचे दिवस नांदेडातल्या या धर्मादाय दवाखान्याची थुंकी, पू, लघवी, पाठीतलं पाणी, सगळं एकट्या लिंबाजीमामांच्या डोळ्यांखालून जातं. डोळे सत्तावन्न वर्षांचे. नोकरीचे आठ महिने राहिलेले.

त्या दिवशी घरून निघतानाच भामाबाईंनी तोंड सोडलं होतं. भाकर थापता थापता म्हणाल्या,

"आवो, काल विहारात पुन्हा पळवली तुम्ही वंदना."

"पळवली? एवढ्या हल्लू तर मी जेवत बी न्हाई."

"म्हाताऱ्या बायांचं ध्यान ठेवा जरा. तुम्ही पुढच्या ओळीवर, अन् गयाबाई अजून मागच्या ओळीवर दम खाऊन राहिली."

"बरं. आज अजून हल्लू म्हणतो."

"अन् आरशात बघा. डोळे कसे झालेत."

"आठ महिन्यांनी बघतो."

वर्षावासाचे दिवस होते. वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वंदना आणि वाचन. दरवर्षी पुढं बसून म्हणणाऱ्या माणिकबाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, म्हणून यंदा आषाढ पौर्णिमेपासून लिंबाजीमामा पुढं. दिवसभर काचपट्ट्या, संध्याकाळी विहार. दोन महिन्यांत त्यांचा आवाज विहारातल्या सगळ्यांत थकलेल्या बाईच्या श्वासाला जुळवून बसला होता. बाया खूश होत्या.

आता काचपट्टीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं.

जंतू बघायचा तर आधी रंगवावा लागतो. काचपट्टीवर नमुन्याचा थेंब पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. वर जांभळा रंग ओतायचा, मग आयोडीन, मग स्पिरिट, शेवटी गुलाबी रंग. यातलं स्पिरिट फार बेरकी. कमी वेळ टाकलं तर सगळे जंतू जांभळे दिसतात, जास्त वेळ टाकलं तर सगळे गुलाबी. आणि डॉक्टरांचं अर्धं औषध त्या दोन रंगांवर ठरतं.

प्रयोगशाळेतलं घड्याळ दारावर, रंगवायचं बेसिन खिडकीपाशी. घड्याळाकडं बघायचं तर पाठ वळवावी लागते, आणि पाठ वळवली की काचपट्टी वाकडी होते. यावर संगप्पा मास्तरांनी तोडगा काढला होता. मास्तर देगलूरकडचे, लिंबाजींना काम शिकवणारे. ते स्पिरिट ओतताना मनात मंत्र म्हणत.

"तू बी काहीतरी म्हण," त्यांनी नव्या लिंबाजीला सांगितलं होतं. "जे झोपेत बी चुकत न्हाई, ते म्हण."

लिंबाजीनं त्रिशरणाच्या पहिल्या तीन ओळी धरल्या. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. नऊ सेकंद. दहा वेळा बघितलं, दहाही वेळा नऊ.

"झालं," मास्तर म्हणाले. "आता तूच घड्याळ."

सत्तावीस वर्षं झाली त्याला.

*

साडेदहाला फोन वाजला. वॉर्डातून डॉक्टर वर्षाराणी. देवणीची मुलगी, बापाची शेती, घरात पहिली डॉक्टर. दोन रात्री झोपलेली नसली तरी आवाज खणखणीत.

"मामा, पाठीतलं पाणी पाठवलंय. गढूळ आहे. बाई चव्वेचाळीस वर्षांची, मान लाकडासारखी, शुद्ध नाही. औषधं सुरू केलीत मी, पण अंधारात. लवकर सांगा."

"मोठ्या बाई परवा येणार."

"मला मोठ्या बाई नको. तुम्ही सांगितलं म्हणजे झालं."

पाण्याची छोटी बाटली बाईचा नवराच घेऊन आला. आप्पासाहेब, मुदखेडजवळच्या खेड्यातले शेतकरी. टोपी हातात, पायात चिखलाच्या चपला. बाटली त्यांनी दोन्ही हातांत अशी धरली होती की जणू आत दिवा आहे आणि वारा सुटलाय.

"सायेब, हे तारामतीचं."

"साहेब न्हाई मी. बसा बाहेर."

ते बसले नाहीत. खिडकीशी उभे राहिले. लिंबाजीमामांनी पाणी यंत्रात फिरवलं, तळाचा साका काढला, काचपट्टीवर पसरला.

"दिसतंय का काही?" खिडकीतून आवाज.

"अजून रंगवलं बी न्हाई."

"न्हाई, तिला दोन दिस नुसतं डोकं दुखून राहिलं होतं. मी म्हणलं, उन्हाचं आसंल. म्या गोळी दिली. मला काय ठाऊक, डोक्यात... काय हाय ते डोक्यात? किडा का?"

लिंबाजीमामांना बोलायचा कंटाळा होता. पण माणूस खिडकीचे गज धरून उभा होता.

"किडा न्हाई. त्याहून लई बारीक. एकच पेशी. तिला तोंड न्हाई, पोट न्हाई."

"मग जगतंय कसं?"

"एका खोलीच्या घरात जगल्यावानी. आपल्या पेशीत मधी एक वेगळी बंद खोली असते, तिच्यात सगळी कागदपत्रं. ह्याला ती बी न्हाई. जन्माचा कागद गुंडाळून तसाच मधी पडलेला. भवताली बारीक दाणे, त्यांचं काम प्रथिनं बनवायचं. त्याच्या बाहेर पातळ पडदा. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, ते पडदा बघतो. अन् पडद्याबाहेर भिंत."

"भिंत बी हाय?"

"भिंत हाय म्हणून तर टिकतंय. न्हाई तर पाणी पिऊन फुगून फुटलं असतं. अन् आम्हाला ती भिंतच बघायची असते. एक जात जाड भिंतीची. जांभळा रंग धरून ठेवते, सोडत न्हाई. दुसरी जात पातळ भिंतीची, तिच्यावर वरून तेलकट अस्तर. स्पिरिट पडलं की अस्तर विरघळतं, जांभळा वाहून जातो. मग तिला गुलाबी चढतो."

"अन् तारामतीचं कोणचं?"

"तेच बघून राहिलो. आता बोलू नका."

त्यांनी स्पिरिट ओतलं. काचपट्टीवरून जांभळं पाणी बेसिनमध्ये वाहू लागलं. लिंबाजीमामांनी डोळे अर्धे मिटले आणि मनात तीन ओळी म्हटल्या, नेहमीसारख्या. मग नळ सोडला.

सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले. पूपेशींच्या गर्दीत दोन-दोनच्या जोड्या. गुलाबी. गुलाबी जोड्या म्हणजे घेवड्याचे दोन दाणे पोटाला पोट लावून बसल्यासारखे दिसायला हवेत. हे जरा टोकदार वाटले, ज्योतीसारखे. लिंबाजीमामांनी चष्मा पुसला, परत बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत रोजच पाणी येतं. रंग तर स्वच्छ गुलाबी होता.

त्यांनी फोन लावला.

"मॅडम, जोड्या हायत. गुलाबी."

"गुलाबी?" पलीकडं कागदाची सळसळ. "म्हणजे तो पसरणारा. नक्की ना मामा? जांभळा असता तर मी स्टिरॉइडचं इंजेक्शन चालू ठेवलं असतं. जांभळ्यात कान जातात, ते वाचवायला. गुलाबीत त्याचा उपयोग नाही. बाराचा डोस आहे, बंद करू?"

"गुलाबी हाय."

"बरं. बंद करते. जांभळ्यासाठीचं दुसरं औषधही काढते. आणि बाईंना वेगळ्या खोलीत हलवते. घरच्या सगळ्यांना गोळ्या द्याव्या लागतील."

अर्ध्या तासात वेगळ्या खोलीची बातमी खालपर्यंत आली. आप्पासाहेबांचा मेव्हणा दयानंद, जो सकाळपासून जिन्यात बसून होता, तोंडाला उपरणं बांधून म्हणाला, "दाजी, घरी जनावरं हायत," आणि गेला.

*

तीन वाजता एक साधा फोड आला. म्हणजे फोडातला पू, कापसाच्या काडीवर. असल्या पुवात नव्वद टक्के वेळा एकच जंतू असतो, गोल, द्राक्षाच्या घोसासारखा. जाड भिंतीचा. जांभळा. लिंबाजीमामा त्याला न बघता ओळखतात. सवयीनं रंगवलं, सवयीनं डोळा लावला.

द्राक्षाचा घोस होता. गुलाबी.

त्यांनी डोळा काढला. परत लावला. मग बसल्या जागी काही वेळ बाटल्यांकडं बघत राहिले. आयोडीन जुनं झालं असेल, म्हणून नवी बाटली फोडली. दुसरी काचपट्टी केली. गुलाबी. जांभळा रंग बदलला. तिसरी काचपट्टी. गुलाबी घोस.

दर सोमवारी ओळखीच्या जंतूची एक काचपट्टी रंगवून रंगांची परीक्षा घ्यायची, अशी इथली शिस्त होती. तिघं होते तेव्हा होती.

उरलं फक्त स्पिरिट. आणि स्पिरिट तर तेच, त्याच कंपनीचं, कालच्याच कॅनमधलं.

लिंबाजीमामांनी खिशातून मोबाईल काढला. नातीनं त्यात सेकंद मोजायचं काहीतरी दाखवलं होतं, ते शोधायला वेळ लागला. मोबाईल नळाला टेकवून उभा केला. हातात काचपट्टी नव्हती, बाटली नव्हती. नुसते उभे राहून त्यांनी मनात तीन ओळी म्हटल्या. बोट ठेवलं.

सव्वीस.

"कसं काय," ते मोठ्यानं म्हणाले.

परत म्हटल्या. सत्तावीस. मुद्दाम घाई केली, तर बावीस. आणि घाई करताना त्यांना स्वतःच्या मनात गयाबाईचा दम ऐकू आला. ओळ संपते, गयाबाई श्वास घेते, सगळ्या बाया थांबतात, मग पुढची ओळ. दोन महिने रोज. मनातली वंदनासुद्धा तिच्यासाठी थांबायला शिकली होती.

सव्वीस सेकंद स्पिरिट म्हणजे जाड भिंतीचासुद्धा रंग धुऊन निघतो.

नोंदवही ओढली, मागची पानं उलटली. श्रावणापासून जांभळे कमी कमी होत गेलेले, शेवटच्या पानांवर तर गुलाबी, गुलाबी, गुलाबी. सगळ्यांचे जंतू दुसऱ्या दिवशी थाळीत वाढवून ओळखले जातात, खरं नाव तिथं कळतं. वॉर्डात तेच बघतात. पहिल्या दिवशीचा रंग आणि दुसऱ्या दिवशीचं नाव कुणी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. बघायला माणूस नव्हता. त्यांनी स्वतः तरी कुठं बघितलं होतं?

फ्रीजमध्ये तारामतीच्या बाटलीत तीन-चार थेंब उरले होते. त्यांनी काचपट्टी केली. मोबाईल समोर. स्पिरिट. मनात काही म्हटलं नाही. आकड्यांकडं बघितलं. नऊ. नळ.

टोकदार जोड्या, ज्योतीला ज्योत लावल्यासारख्या. भोवती स्वच्छ कडं, कारण भिंतीबाहेर हा जंतू साखरेचा जाड लेप ओढून बसतो, म्हणजे आपल्या रक्तातल्या राखणदारांना त्याला धरता येऊ नये. लेप रंग घेत नाही, म्हणून तेवढी जागा मोकळी दिसते. आणि आत जोडी जांभळी. गर्द जांभळी.

साडेतीन वाजत आले होते.

फोन करता आला असता. "मॅडम, एक अजून काचपट्टी केली, आता जांभळं दिसतंय," एवढंच. सकाळच्या काचपट्टीचं कुणी विचारलं नसतं. उद्या थाळीत कळणारच होतं, तोवर गप्प राहिलं तरी चाललं असतं. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, आणि "लिंबाजीमामांचा डोळा म्हणजे..." असं भाषण. त्यांनी फोन उचलला. वॉर्डात कुणी घेईना. परत लावला. वाजत राहिला. त्यांनी दोन्ही काचपट्ट्या खोक्यात घातल्या आणि निघाले. लिफ्ट बंद. दोन मजले. प्रत्येक पायरीवर गुडघा.

डॉक्टर वर्षाराणी टेबलाशी उभ्यानंच कोरडी पोळी खात होती.

"मामा? वर कशाला आलात? मला बोलवायचं ना."

"तारामतीबाईचा जंतू जांभळा हाय."

पोळी हातातच राहिली. "सकाळी तुम्ही..."

"सकाळी मी चुकलो. स्पिरिट जास्त वेळ टाकलं. भिंत जाड होती, मीच तिचा रंग धुतला. आता घड्याळ लावून केलंय. हे बघा, दोन्ही आणल्यात."

तिनं काचपट्ट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. "सिस्टर! वेगळ्या खोलीतल्या बाई. बाराचं स्टिरॉइड आत्ता द्या. आत्ता म्हणजे पळत. आणि सकाळी काढलेलं दुसरं औषध परत सुरू." मग ती वळली. आवाज खाली आला, आणि तो जास्त लागला. "मामा, मी तुम्हाला विचारलं होतं. नक्की ना, म्हणून विचारलं होतं."

"हाव."

"साडेतीन तास. बाईंचे साडेतीन तास गेले."

"हाव."

"नुसतं हाव नका म्हणू!"

तिनं पोळी डब्यात टाकली, झाकण लावलं, परत काढलं.

"लिहून द्यावं लागेल. वरती जाईल ते."

"लिहितो. अन् श्रावणापासूनच्या सगळ्या काचपट्ट्यांचं बी लिहितो. त्या बी तपासाव्या लागतील."

"श्रावणापासून?" ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "उद्या थाळीत कळलंच असतं. आजचं कुणी विचारलं नसतं तुम्हाला."

"उद्या कळलं असतं. तिचे कान आज हायत."

*

आप्पासाहेब वेगळ्या खोलीच्या दाराशी उकिडवे बसले होते. लिंबाजीमामा भिंतीला धरून त्यांच्याशेजारी टेकले. नीट बसायला गुडघा तयार नव्हता.

"सकाळी तुम्हाला सांगितलं ना, दोन जाती. मी पातळ भिंतीचा सांगितला. तो जाड भिंतीचा निघाला. चूक माझी. मधी एक सुई द्यायची राहिली, ती आता दिली."

आप्पासाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली.

"म्हंजी हा पसरणारा न्हाई?"

"तसा न्हाई."

"मग माझा मेव्हणा उगंच पळाला."

"उगंच पळाला."

"त्याला बोलवू का परत?"

"बोलवा की."

आप्पासाहेबांनी विचार केला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कळलं तेवढं बरं झालं." मग, दाराकडं बघत: "ती सुई राहिली, त्यानं काय होतंय?"

"कानाला धोका. होईलच असं न्हाई. होऊ बी शकतंय."

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. शिवी दिली असती तरी लिंबाजीमामांना सोपं गेलं असतं. पण आप्पासाहेब म्हणाले, "तुमी सकाळधरनं जेवले का न्हाई?"

चौथ्या दिवशी तारामतीनं डोळे उघडले. सहाव्या दिवशी पेज प्याली. लिंबाजीमामांना खुलासा मागणारा कागद आला, त्यांनी तीन पानांचं उत्तर लिहिलं, अक्षर वळणदार. श्रावणापासूनच्या नोंदी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी थाळ्यांशी ताडून बघितल्या. आणखी दोघांचा रंग चुकला होता, दोघंही बरे होऊन घरी गेलेले. सोमवारची परीक्षा परत सुरू झाली. मोबाईल आता रोज नळाला टेकून उभा असतो. स्पिरिट ओतताना ते मनात काही म्हणत नाहीत. तीन ओळी आता फक्त संध्याकाळच्या.

चौदाव्या दिवशी कानांची तपासणी झाली. डाव्यानं ऐकू येत होतं. उजव्यानं नाही.

"माझ्यामुळं?" लिंबाजीमामांनी विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर वर्षाराणी म्हणाली. "आजारानं गेला असेल. ती आली तेव्हाच गेलेला असेल. त्या साडेतीन तासांत गेला असेल. मामा, कुणालाच सांगता येणार नाही. पुस्तकात सापडणार नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला झोप येतेय, एवढंच वाटतं." मग तिनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि गेली.

दुपारी आप्पासाहेब घरी सोडायचे कागद आणायला गेले आणि तारामतीला प्रयोगशाळेच्या दाराशी उभं करून गेले. वाळलेली बाई, डोक्यावर पदर, हातात औषधांची पिशवी.

"तुमीच का ते?" तिनं विचारलं.

"हाव. मीच."

"काय? ह्या बाजूनं बोला."

लिंबाजीमामा टेबलाला वळसा घालून तिच्या डावीकडं आले. "मीच म्हणलं."

"मालक म्हणत होते, तुमी जिना चढून सांगायला आले." ती खोलीभर बघत होती. बाटल्या, नळ, काचपट्ट्या. "ते दावता का मला? माझ्या डोक्यात होतं ते."

दोन्ही काचपट्ट्या अजून खोक्यात होत्या. त्यांनी दुसरी लावली, उंची जुळवली. तिनं पदर मागं सारून डोळा लावला.

"एवढुसं?"

"एवढुसंच."

"जितं हाय?"

"न्हाई. मेलंय."

तिनं डोळा काढला. टेबलाची कड धरली. लिंबाजीमामांनी दुसरी खुर्ची पुढं ओढली, तिच्यावरचे नोंदवह्यांचे गठ्ठे खाली ठेवले. ती बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"तुमी तुमचं काम करा," ती म्हणाली. "मालक येईस्तोवर बसते मी. थकले."

नवे सहा नमुने आले होते. त्यांनी पहिली काचपट्टी पुसली, मोबाईल नळाला टेकवला. तिचे ओठ कोरडे पडलेले दिसले, तेव्हा हात धुऊन ते परत तिच्या डाव्या बाजूला गेले आणि वाकून म्हणाले, "पाणी देऊ का?"

"द्या," तारामती म्हणाली.